पोच : मनीऑर्डरपासून संपर्काच्या फॉर्मपर्यंत

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा एक जुडगा होता. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी आजीला पैसे पाठवावयाचे, हा त्यांचा नेम. आठ-दहा दिवसांनी पोस्टमन पोच आणून देई. वडिलांना लिहिता-वाचता चांगले येत होते. पण पोच हाती पडली की ते अक्षरे वाचीत नसत. ते आधी आजीच्या डाव्या हाताचा अंगठा पाहत. शाईचा तो ठसा दिसला म्हणजे आई आहे, हिंडतीफिरती आहे आणि पैसे तिच्याच हाती पडले आहेत, या तिन्ही गोष्टी त्यांना एकदम कळत. एका पावसाळ्यात पोच आली नाही. वडिलांनी चार दिवस अधिक वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी बिनपगारी रजा टाकून ते एस. टी.ने गावी गेले. आजी पडवीत बसली होती. ओढ्याला पूर आल्यामुळे पोस्टमन पलीकडे अडकला होता, एवढेच. वडील हसत परत आले. परंतु त्या वेळी आम्हाला एक गोष्ट उमगली की, न आलेली पोच हीसुद्धा एक बातमीच असते.

श्रोतेहो, ही घरगुती गोष्ट या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण वेगळे आहे. गिरगावातील एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही काही वर्षे काम करीत आहोत. २०१२ साली त्या वाचनालयाने स्वतःचे संकेतस्थळ केले. मंडळातल्या एका उत्साही तरुणाने ते फुकट करून दिले आणि त्यावर 'आमच्याशी संपर्क साधा' असा एक फॉर्मही ठेवला. नाव, ई-मेलचा पत्ता, विषय, मजकूर अशा चार चौकटी आणि खाली 'पाठवा' हे बटण. बटण दाबले की पडद्यावर अक्षरे उमटत : 'धन्यवाद! आपला संदेश आम्हास मिळाला आहे.' पहिली दीड-दोन वर्षे काही पत्रे आली. पुढे ती कमी कमी होत गेली, तेव्हा आम्ही सभेत असा निष्कर्ष काढला की, बाहेरगावच्या वाचकांना आता आपली गरज राहिलेली नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात बेळगावकडचे एक वृद्ध गृहस्थ वाचनालयात आले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर जमविलेला जुन्या मराठी मासिकांचा मोठा संग्रह त्यांना आमच्या संस्थेस द्यावयाचा होता. घर बदलावयाचे असल्यामुळे त्यांना घाई होती. त्यांनी संकेतस्थळावरून एकदा नव्हे, तीनदा लिहिले होते, आणि तिन्ही वेळा पडद्यावर त्यांचे आभार मानले गेले होते. उत्तर मात्र आले नाही. शेवटी घर रिकामे करण्याची वेळ आली आणि तो संग्रह रद्दीच्या भावाने गेला. ते रागावून बोलले असते तर आम्हाला बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "नको असेल तर नको म्हणायचे होते. मिळाले म्हणून का सांगितलेत?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला टपालाच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात शिरावे लागले. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

हिंदुस्थानात सर्वसामान्य माणसासाठी टपाल खऱ्या अर्थाने सुरू झाले ते १८५४ साली. त्यापूर्वी पत्राचा आकार अंतरावर असे. १८५४ च्या कायद्याने अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा, असा एकच दर ठरला आणि तिकिटाच्या रूपाने पैसे आगाऊ घेण्याची पद्धत रूढ झाली. योगायोग असा की, मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी कंपनी स्थापन केली तीही १८५४ सालीच. पत्र आणि गिरणी यांची ही जोडी पुढे सव्वाशे वर्षे टिकली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० साली डाकखात्याने मनीऑर्डर आपल्या हाती घेतली, आणि कोकणातल्या व घाटावरच्या खेड्यांचा परळ-लालबागशी संबंध एका कागदी फॉर्मने जोडला गेला.

तो फॉर्म ज्यांनी भरला असेल त्यांना त्याची रचना आठवत असेल. फॉर्म एकच, पण त्याची कामे तीन. एका भागावर रक्कम, घेणाऱ्याचे नाव व पत्ता आणि पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता. दुसरा भाग म्हणजे कूपन. त्या एवढ्याशा जागेत चार ओळींचा मजकूर लिहिता येई, आणि ते पैसे घेणाऱ्यापाशी राही. तिसरा भाग पोचेचा. त्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा झाला की तो सुटा होऊन पाठविणाऱ्याकडे परत येई. ही रचना ज्याने कोणी योजली त्याला माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे. पाठविणे, सांगणे आणि पोहोचल्याचे कळणे ही तीन वेगळी कामे आहेत, हे त्याने ओळखले होते. आणि तिसरे काम त्याने पाठविणाऱ्याच्या अगर घेणाऱ्याच्या सौजन्यावर सोडले नव्हते, तर फॉर्मातच छापून ठेविले होते. आजीने पत्र लिहावे अशी अपेक्षा नव्हती. तिला लिहिता येत नव्हते. तरीही दर महिन्याला तिचे उत्तर येत असे.

ज्यांना फॉर्म भरता येत नसे त्यांच्यासाठी पत्रलेखक होते. बोरीबंदरासमोरचे जनरल पोस्ट ऑफिस आपण सर्वांनी पाहिले आहे. जॉन बेग यांनी आखलेली आणि १९१३ साली पुरी झालेली ती घुमटाची इमारत. तिच्यासमोर, कबुतरखान्याच्या बाजूला, ताडपत्रीखाली लहान मेजे मांडून हे लोक बसत. पार्सले शिवणारे आणि फॉर्म भरून देणारे थोडे लोक तेथे पुढेही टिकून राहिले. पण मजकूर सांगून पत्र लिहवून घेणारे गिऱ्हाईक जवळजवळ संपले. या पत्रलेखकाच्या कामाचे नीट निरीक्षण केले तर त्यात तीन नियम आढळतात. लिहिणारा हात त्याचा, पण बोलणारा माणूस दुसरा. तो मजकूर दुसऱ्याच्या नावाने लिही, परंतु सही किंवा अंगठा त्या दुसऱ्याचाच घेई. आणि पाकीट बंद करण्यापूर्वी तो लिहिलेले वाचून दाखवी. संकेतस्थळावरचा संपर्काचा फॉर्म म्हणजे दुसरे तिसरे काही नसून संस्थेच्या दारात बसविलेला एक यांत्रिक पत्रलेखकच होय. आपण चौकटीत मजकूर सांगतो, आणि सर्व्हरवरील एक लहानसा प्रोग्रॅम आपल्या वतीने ई-मेल लिहून टपालात टाकतो. आमच्या वाचनालयाच्या पत्रलेखकाने यांपैकी कोणता नियम मोडला, ते पुढे येईलच.

पत्रव्यवहारात पत्त्याचे महत्त्व किती, हे मुंबईकरास सांगावयास नको. एकेका खोलीत पंधरा-पंधरा गाववाले पाळीपाळीने राहत, आणि प्रत्येकाचे पत्र 'द्वारा अमुक, खोली नंबर तमुक' अशा पत्त्यावर येई. शहर वाढले तसे मुंबईचे टपाल-विभाग पडले. गिरगाव म्हणजे मुंबई ४, परळ-लालबाग म्हणजे मुंबई १२, दादर म्हणजे १४ आणि २८. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी साऱ्या देशासाठी सहा आकडी पिनकोड आला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित व कवी होते. एकाच नावाची दोन गावे, एकच गाव लिहिण्याच्या दहा तऱ्हा आणि दहा लिप्या, यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी भाषेऐवजी आकड्यांचा आधार घेतला. मुंबईच्या जुन्या विभागांचे आकडे त्यात तसेच सामावले गेले. म्हणून गिरगाव ४००००४ झाले आणि परळ ४०००१२.

याच सुमारास, म्हणजे १९७१ साली, अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला निरोप धाडला. दोन्ही यंत्रे एकाच दालनात शेजारी शेजारी उभी होती; मधले जाळे मात्र खरे होते. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने '@' हे चिन्ह घातले. आपल्याकडच्या 'द्वारा'चेच काम ते करते, असे म्हणावयास हरकत नाही : अमुक माणूस, तमुक यंत्राच्या घरी. निरोप एका यंत्राने दुसऱ्याकडे कसा सोपवावयाचा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. जगभरातले ई-मेल पुढे त्याच नियमांच्या सुधारलेल्या आवृत्तीवर चालू लागले. १९८२ हे साल मात्र आम्हा गिरणगावकरांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरींचा ओघ आटला. आमच्या ट्रंकेतला पोचपावत्यांचा जुडगाही त्या सालानंतर वाढला नाही. एक टपाल जगात कोठेतरी जन्मास येत होते, आणि एक टपाल आमच्या दारातून जात होते. परंतु तेव्हा यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते.

नव्या टपालाच्या इतिहासात मुंबईचे स्थान दुय्यम नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकगटातून वाढलेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८५ साली स्वतंत्र झाली व जुहूला गेली. डॉ. श्रीनिवासन रमणी हे तिचे प्रमुख होते. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यात ही संस्था, आय.आय.टी.च्या पाच शाखा आणि बंगळूरची विज्ञानसंस्था एकत्र आल्या. ही संस्था आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये १९८७ च्या सुमारास ई-मेलची देवघेव सुरू झाली, आणि पुढे दोनएक वर्षांत जुहूहून अमेरिकेपर्यंतची तार जुळून देशातले निरोप जगात जाऊ लागले. सामान्य नागरिकाला मात्र थांबावे लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पर्यंत. त्या दिवशी विदेश संचार निगमाने इंटरनेटचे दार सर्वांसाठी उघडले. १८७० साली एडनहून आलेली समुद्राखालची तार ज्या मुंबईत किनाऱ्याला लागली, तीच मुंबई एकशेपंचवीस वर्षांनी पुन्हा उंबरठा झाली.

आता फॉर्माकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात स्वित्झर्लंडमध्ये वेबची उभारणी केली, तेव्हा ती मुख्यतः वाचण्याची जागा होती. १९९३ साली 'मोझेक' या वाचनयंत्रात फॉर्मच्या चौकटी आल्या आणि त्या चौकटीतला मजकूर सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमकडे देण्याची रीतही त्याच वर्षी ठरली. वाचक बोलू लागला. १९९५ मध्ये मॅट राइट नावाच्या एका शाळकरी अमेरिकन मुलाने 'फॉर्ममेल' हा छोटा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला. फॉर्मात जे लिहिले असेल ते ई-मेलने मालकाकडे पाठवावयाचे, एवढेच त्याचे काम. असंख्य संकेतस्थळांनी तो उचलला. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एक मोठी गफलत होती. पत्र कोणाला पाठवावयाचे, तो पत्ता त्या पानातच लिहिलेला असे, आणि पान पाहणाऱ्यास तो बदलता येई. डाकघराच्या कट्ट्यावर तिकिटे चिकटविलेली कोरी पाकिटे ठेवून जाण्यासारखाच हा प्रकार. जाहिरातखोरांना हे कळावयास वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या दारातला पत्रलेखक वापरून त्यांनी लाखो लोकांना नको असलेली पत्रे धाडली.

ते दार बंद केले, तर दुसरी फट सापडली. 'विषय' किंवा 'आपला पत्ता' या एका ओळीच्या चौकटीत कोणी लबाडाने गुपचूप नवी ओळ सुरू केली आणि त्या ओळीत आणखी शंभर जणांचे पत्ते लिहिले, तर भोळा प्रोग्रॅम त्या शंभरांनाही पत्र पाठवी. आपल्या वाडवडिलांना ही लबाडी चांगली ठाऊक होती. म्हणूनच रक्कम अक्षरांत लिहिताना 'रुपये पंचवीस फक्त' असे लिहून पुढे रेघ मारण्याची रीत पडली. 'फक्त' हा शब्द आणि ती रेघ यांनी पुढची रिकामी जागा बंद होते. फॉर्माच्या चौकटीत नवी ओळ येऊ न देणे ही त्याच रेघेची नवी आवृत्ती आहे. परंतु पुष्कळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती रेघ मारावयाची असते हे बऱ्याच उशिरा कळले.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय आमच्या पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. ई-मेललासुद्धा पाकीट असते आणि पाकिटात पत्र असते. एक सर्व्हर दुसऱ्याचे दार ठोठावतो तेव्हा खरोखरच 'हेलो' म्हणतो. मग पाकिटावरचा मजकूर सांगतो : हे अमक्याकडून, हे तमक्यासाठी. पलीकडचा होकार देतो. नंतर आतले पत्र दिले जाते, आणि त्या पत्राच्या माथ्यावर पुन्हा एक 'प्रेषक' लिहिलेला असतो. पाकिटावरचा प्रेषक आणि पत्रातला प्रेषक एकच असला पाहिजे, असे मूळ नियमात बंधन नव्हते. शेवटी पलीकडचा सर्व्हर २५० हा आकडा उच्चारतो. त्याचा अर्थ, 'हे टपाल मी ताब्यात घेतले; आता जबाबदारी माझी. पोहोचविता आले नाही तर पाकिटावरच्या प्रेषकास कळवीन.' लक्षात घ्या, २५० म्हणजे माणसाने पत्र वाचले असे नव्हे. पत्र पेटीत पडल्याचा तो आवाज आहे. आजीचा अंगठा नव्हे.

आरंभी हे जाळे ओळखीच्या विद्वानांचे होते, त्यामुळे प्रेषकाच्या जागी कोणी कोणाचेही नाव लिहिले तरी चालून जाई. कागदी टपालातही पाकिटाच्या मागे लिहिलेले नाव पोस्टमास्तर कोठे तपासतो? परंतु बँकेच्या नावाने खोटी पत्रे येऊ लागली, लोक फसू लागले, आणि पहारे बसवावे लागले. एका पहाऱ्यात प्रत्येक नावाचा मालक जाहीर करतो की, माझ्या नावाचे टपाल फक्त या या यंत्रांतून निघेल. दुसऱ्यात प्रत्येक पत्रावर न पुसता येणारी गणिती मोहोर उमटविली जाते. तिसऱ्या पहाऱ्याची योजना २०१२ साली जाहीर झाली. त्यात मालक असेही सांगतो की, या दोहोंपैकी एकही कसोटी माझ्या नावाशी जुळली नाही, तर ते पत्र दारातूनच परत लावा. एप्रिल २०१४ मध्ये याहू कंपनीने आपल्या पत्त्यांच्या बाबतीत अशीच कडक आज्ञा जाहीर केली. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी आपल्याकडे येणाऱ्या टपालावरचे निर्बंध आणखी आवळले.

आता आमच्या वाचनालयाचे कोडे सुटते. तरुणाने फॉर्म करताना असा विचार केला की, पत्र लिहिणारा जो वाचक त्याचेच नाव प्रेषक म्हणून घालावे, म्हणजे उत्तर देणे सोपे. हेतू चांगला होता. परंतु पत्रलेखकाचा नियम येथे मोडला. सही करावयास माणूस समोर नसताना प्रोग्रॅमने त्याच्या नावाची सही ठोकली. बेळगावच्या गृहस्थांचा पत्ता याहूचा होता. त्यांनी २०१५ मध्ये लिहिले. आमच्या सर्व्हरने त्यांच्या नावाने पत्र काढले. ज्या कंपनीकडे आमची टपालपेटी होती तिने याहूची आज्ञा पाहिली, हे पत्र याहूच्या यंत्रातून निघालेले नाही हे ताडले, आणि नियमाप्रमाणे ते दारातूनच परत केले. परत आल्याची सूचना पाकिटावरच्या प्रेषकाकडे, म्हणजे सर्व्हरच्या एका अंतर्गत खात्याकडे गेली. त्या खात्याची पेटी कोणीही कधीच उघडली नव्हती. आम्ही ती उघडली तेव्हा त्यात परत आलेल्या शेकडो सूचना पडून होत्या. ज्या इतर वाचकांची पत्रे परत गेली नव्हती, त्यांतली पुष्कळशी नकोशा जाहिरातींच्या ढिगात पडली होती. बाहेरगावच्या वाचकांना आपली गरज उरली नाही, असा ठराव आम्ही ज्या काळात लिहीत होतो, त्याच काळात ते आम्हाला लिहीत होते.

आणि पडद्यावरचे ते 'धन्यवाद'? प्रोग्रॅमने पत्र आपल्याच यंत्रातल्या टपालखात्याच्या हाती दिले की तो लगेच आभार मानून मोकळा होत असे. पुढे काय घडले याची त्याला खबरही नसे. पोस्टाच्या तांबड्या पेटीत पत्र टाकताक्षणी पेटीनेच 'तुमचे पत्र आजीला मिळाले' असे म्हणावे, तसा हा प्रकार. येथे यंत्राचा दोष नाही. 'मिळाले' हे वाक्य माणसाने लिहिले होते, आणि ते खोटे होते.

यावर कोणी म्हणेल की, जुने ते सारे सोने होते असे तुम्हास सुचवावयाचे आहे. तसे मुळीच नाही. मनीऑर्डरी उशिरा पोहोचत, काही गहाळही होत. पोस्टमन ओल्या हातांची अपेक्षा करीत अशाही तक्रारी जुन्या काळी ऐकू येत. पत्रलेखकापुढे आपले खाजगी दुःख मोठ्याने सांगावे लागे. बेळगावच्या माणसाला घरबसल्या क्षणात आणि फुकट गिरगावला लिहिता यावे, ही सोय लहानसहान नव्हे. शिवाय जुने मार्ग आता उरलेही नाहीत. तार १४ जुलै २०१३ च्या रात्री थांबली. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. रजिस्टर टपालही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा प्रश्न जुन्याकडे परत जाण्याचा नाही. प्रश्न असा आहे की, नवा फॉर्म करताना आपण जुन्या फॉर्माचा तिसरा भाग का फाडून टाकला?

तो पुन्हा जोडणे कठीण नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. आमच्या वाचनालयाने चार सुधारणा केल्या. पहिली : आलेला मजकूर ई-मेलने धाडण्यापूर्वी एका नोंदवहीत, म्हणजे सर्व्हरवरच्या कायम कोठारात, क्रमांक घालून लिहिला जातो. डाकघरातही आधी नोंद आणि मग रवानगी असाच क्रम असतो. ई-मेल हरवले तरी नोंद राहते. दुसरी : प्रेषक म्हणून वाचनालयाचा स्वतःचाच पत्ता असतो, आणि वाचकाचा पत्ता 'उत्तर येथे पाठवावे' या वेगळ्या जागी लिहिला जातो. जुन्या काळचा 'द्वारा' तो हाच. तिसरी : परत आलेल्या सूचना ज्या पेटीत पडतात ती पेटी आठवड्यातून एकदा उघडण्याचे काम एका सभासदाकडे नावानिशी सोपविले आहे. टपालखात्यालासुद्धा न पोहोचलेल्या पत्रांसाठी वेगळी कचेरी ठेवावी लागली, ती उगाच नव्हे. चौथी : पडद्यावर आता 'मिळाले' असे येत नाही. 'आपले लिहिणे अमुक क्रमांकाने नोंदले आहे. आठ दिवसांत उत्तर न आल्यास हा क्रमांक सांगून दूरध्वनी करावा,' असे येते. वाचकाच्या पत्त्यावर तेवढ्याच दोन ओळींची पोच जाते. तिच्यात त्याचा मूळ मजकूर आम्ही पुन्हा छापीत नाही. कारण कोणी दुसऱ्याचाच पत्ता लिहून आमच्या हातून त्याला भलभलता मजकूर पाठवू शकेल. रेघ तेथेही मारावी लागते.

ही गोष्ट एका वाचनालयापुरती राहिली असती तर आम्ही आपला इतका वेळ घेतला नसता. आज नळाचे पाणी, शाळेतला प्रवेश, रुग्णालयातली वेळ, भाड्याच्या घराची तक्रार, या सगळ्यांसाठी आपल्याला कोणत्या ना कोणत्या चौकटीत लिहून बटण दाबावे लागते. समोर खिडकी नाही, खिडकीत माणूस नाही. अशा वेळी 'धन्यवाद' आणि 'पोच' यांतला फरक नागरिकाने ओळखला पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने हा फरक ओळखला आहे. त्या कायद्याखालच्या सेवेसाठी अर्ज करणाऱ्यास स्वतंत्र अर्ज-क्रमांकासह पोच द्यावी लागते, आणि काम किती दिवसांत व्हावयाचे तेही ठरलेले असते. क्रमांक आणि तारीख हाती असली की अर्जदार याचक राहत नाही. त्याला विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. जेथे कायदा लागू नाही तेथे हे भान संस्थांनी स्वतःहून ठेवावयास हवे : मंडळांनी, पतपेढ्यांनी, शाळांनी, आणि आमच्यासारख्या वाचनालयांनीही.

बेळगावच्या गृहस्थांना आम्ही नंतर पत्र लिहिले, पोस्टाने, हाताने. काय घडले ते सारे सांगितले आणि क्षमा मागितली. गेलेली मासिके त्यामुळे परत येणार नव्हती. महिन्याभराने त्यांचे पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच ओळी होत्या : पत्र पोहोचले, आणि आता कोणी तुम्हास काही देऊ केले तर त्यास वेळेवर कळवा. ते कार्ड आम्ही वाचनालयाच्या टेबलावरील काचेखाली ठेवले आहे. ज्या सभासदाकडे परत आलेल्या सूचनांची पेटी उघडण्याचे काम आहे, त्याची बसण्याची जागा त्या टेबलापाशीच आहे.